चाखलेला गूळ कुठं जातो

मी यकृत बोलतेय. दचकू नका. दचकायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मी गेली सेहेचाळीस वर्षं मन लावून करतेय.

लोक मला लिव्हर म्हणतात. यकृत म्हटलं की त्यांना शाळेच्या पुस्तकातली तपकिरी आकृती आठवते आणि तिच्याकडे बोट करणारा बाण. खरं तर काळीज हे नाव माझं. खाटकाच्या दुकानात अजून तेच चालतं. पण शपथा आणि गाणी आली तेव्हा हृदयानं ते नाव उचललं. ते वरच्या बाजूला राहतं, दिवसभर धडधडतं आणि सगळ्यांचं लक्ष वेधून घेतं. मला धडधडता येत नाही. दुखताही येत नाही, कारण दुखणं कळवणारे मज्जातंतू माझ्या आत नाहीतच. म्हणजे भीती भरपूर आणि आवाज शून्य. अशा जिवाचं काय होतं ते सांगते.

मला डोळेही नाहीत. बाहेरचं बोलणं बरगड्यांतून ऐकू येतं, बाकीच्या बातम्या रक्ताबरोबर येतात. त्यामुळे जे ऐकलं ते सांगेन, आणि जे पोचलं ते शपथेवर सांगेन.

माझे मालक संगमेश शेठ. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात त्यांची गुळाची अडत आहे, वडिलांपासून चालत आलेली. वडिलांना सगळा यार्ड थोरले शेठ म्हणायचा. ते जाऊन बारा वर्षं झाली तरी अडतीत कुणी मोठ्यानं बोललं की लोक त्यांच्या फोटोकडे बघून आवाज खाली करतात, असं ऐकून आहे.

संगमेश शेठ जन्मले तेव्हा थोरल्या शेठनी करंगळीवर गुळाचं पाणी घेऊन बाळाच्या ओठाला लावलं. सगळे कौतुकानं हसले. ते पाणी माझ्यापर्यंत पोचलं आणि मी दचकले. आईच्या पोटात असताना मी रक्त बनवायचं काम करत होते. गुळाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. थोडा जाळला, थोडा उद्यासाठी ठेवून दिला. उद्या काही मिळालं नाही तर?

हाच माझा स्वभाव. मी साठवते. घरात काही बायका प्लॅस्टिकच्या पिशव्या साठवतात, पिशव्यांत पिशव्या, त्या पिशव्यांचीही एक पिशवी. मी तशीच. पण मी चरबी साठवते.

आता आमच्या मालकांचं काम सांगते, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात आणि गावागावांतून गूळ यार्डात येतो. गुळाच्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात. अडत्यानं रवे मांडायचे, प्रत ठरवायची, मग खरेदीदार बोली लावतात. प्रत ठरवायची ती रंग बघून, नखानं दाबून आणि शेवटी जिभेवर ठेवून. सुरीच्या टोकानं लहान बोराएवढा खडा काढायचा आणि तोंडात टाकायचा. संगमेश शेठची जीभ सगळ्या यार्डात नावाजलेली. खडा विरघळायच्या आत सांगायचे, "उसाला विहिरीचं पाणी हाय, खारट लागतंय." नाहीतर, "पाक एक उकळी जास्त झाला की ओ." शेतकरी तोंडात बोट घालायचे. मालकांच्या तोंडात मात्र बोटाला जागा नसायची, कारण पुढचा खडा आत गेलेला असायचा.

आणि तो खडा ते गिळायचे. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा सौद्याला उभे राहिले तेव्हा त्यांनी एक खडा चाखून बाजूला थुंकला होता. थोरल्या शेठनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "शेतकऱ्याचा गूळ थुकायचा न्हाय. वरीसभर राबून आणलंय त्यानं. त्याच्या तोंडावर थुकल्यासारखं हुतंय ते."

त्या दिवसापासून मालकांनी एक खडा थुंकला नाही. सीझनला रोज चाळीस ढीग, कधी पन्नास. तीस वर्षं. हिशोब तुम्हीच करा, माझ्यानं होत नाही, मला भोवळ येते.

लोक म्हणतात, जास्त चरबी साठली तर बिघडलं काय, पडून राहील कोपऱ्यात. पडून राहत नाही हो. ती आतल्या आत धुमसते. बारीक बारीक ठिणग्या उडतात आणि माझ्या पेशींना चटके बसतात. चटका बसला की तिथं व्रण होतो, व्रण वाढले की मी ताठर होत जाते. पुढं कुठं जातं ते प्रकरण, याचा विचार मी करत नाही. म्हणजे सतत करते.

याची सोय निसर्गानं करून ठेवलेली आहे. माझ्या एकेका पेशीत आग विझवणारी पोरं आहेत. शास्त्रज्ञ त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. त्यांचा एक वस्ताद आहे. वस्तादानं आत जाऊन हाळी दिली की तालमीतली पोरं उठतात तशी ही उठतात आणि ठिणग्यांवर पाणी मारतात. कागदोपत्री वस्तादाचं नाव एनआरएफ-टू. असलं नाव असल्यावर कोण वेळेवर उठेल? शिवाय त्याच्यावर एक दरवान नेमलाय. एरवी आग नसताना वस्तादानं उगाच आरडाओरडा करू नये म्हणून दरवान त्याचं मनगट धरून बसतो. आगीची धग दरवानाच्या बोटांना लागली की त्यानं हात सोडायचा, अशी रीत. पण तीस वर्षं रोज धग लागल्यावर बोटांना घट्टे पडतात. माझ्याकडच्या दरवानाचं तेच झालं. सगळीकडे धूर, आणि हा वस्तादाचं मनगट धरून निवांत.

हे उघडकीला आलं ते गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर, यार्डातल्या आरोग्य शिबिरात. पोटावर काहीतरी गारढोण चिकट लावलं. मी इतकी दचकले की शेजारच्या पित्ताशयानं विचारलं, काय झालं. कागद आला: फॅटी लिव्हर, ग्रेड टू.

मालकांनी तो कागद घरी नेला. घरी शिवलीलाताई, म्हणजे मालकीण. त्यांनी कागद वाचला, परत वाचला आणि दार लावून घेतलं.

"कवापासनं पिताय?"

"काय?"

"मी काय इचारलं ते कळलंय तुमास्नी."

"अगं, लिंगायत माणूस मी, गळ्यात लिंग हाय माझ्या. आयुष्यात थेंब घेतला न्हाय."

"लिव्हर कशानं जातंय हे साऱ्या कोल्हापूरला म्हाईत हाय. शांभवीचं लग्न जमवायचंय. उद्या पावणं इचारतील, बा काय करतोय पोरीचा, तर काय सांगू?"

"गुळाची अडत करतोय म्हणून सांग."

"तोंड उघडा."

मालकांनी तोंड उघडलं. शिवलीलाताईंनी जवळ येऊन वास घेतला. मी आतून ओरडत होते, नीट घ्या, अजून एकदा घ्या.

"गुळाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"मग? दुसरा कसला येणार?"

"बरं," असं म्हणून त्यांनी दार उघडलं. पुरावा हातात आला होता आणि दोघांनी मिळून तो सोडून दिला.

पुढं तपासायला गेलो ते डॉक्टर राजवर्धन भले माणूस. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, न पिणाऱ्यांनाही हे होतं, हल्ली फार होतं. मग एका यंत्रावर मालकांना आडवं केलं. उजवा हात डोक्यावर, बरगड्यांमध्ये एक कांडी टेकवलेली, आणि टक्. कुणीतरी दारावर टिचकी मारावी तशी. दहा वेळा. दहाही वेळा मी नव्यानं दचकले. माझ्या ताठरपणाचा आकडा आला नऊ पूर्णांक एक.

"सात-साडेसातच्या खाली असायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "व्रण पडायला लागलेत. पण अजून मागं फिरता येतं. एकदा का बारा-तेराच्या पुढं गेलं, की मग मी तुम्हाला असं हसत बोलणार नाही."

मालकांनी विचारलं, "औषध?"

"पहिलं औषध म्हणजे खाणं आणि चालणं. दुसरं एक तपासलं जातंय. शरीराची स्वतःची आग विझवायची यंत्रणा झोपलेली असते, ती उठवणारी कॅप्सूल. उपयोग होतो की नाही हे अजून ठरायचंय, म्हणून तर अभ्यास चाललाय. सहा महिने. बघा, यायचं असलं तर."

मी ऐकून थक्क झाले. माझ्या वस्तादाची कुणीतरी चौकशी करत होतं.

पुढचं सगळं वल्लरी नावाच्या मुलीनं समजावलं. अभ्यासाची कागदपत्रं तिच्याकडे. चौदा पानांचं संमतिपत्र तिनं ओळ न् ओळ वाचून दाखवलं.

"काका, निम्म्या लोकांना खरी कॅप्सूल मिळते आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली."

"म्हंजे मला नुसती टोपी बी घालशिला."

"आम्हालाही माहीत नसतं कुणाला कुठली ते."

"मग कुणाला म्हाईत असतंय?"

"कॉम्प्युटरला."

"कॉम्प्युटरला लिव्हर हाय का?"

वल्लरी हसली नाही. तिनं लिहून घेतलं की पेशंटला शंका विचारायची संधी दिली. मग तिनं एक वही दिली. रोज काय खाल्लं ते लिहायचं. शेवटचा रकाना: गोड.

आमचे मालक एकदा शब्द दिला की दिला. त्यांनी चहातली साखर त्या दिवशी सोडली. मेहुण्याच्या घरी होळीगे, म्हणजे आमच्याकडच्या पुरणपोळ्या, केले होते, ताटातून काढून ठेवले. मेहुणा म्हणाला, "एक खा की, काय मरत न्हाईस." मालक म्हणाले, "मरत न्हाई, पण लिहावं लागतंय." वहीत रोज एकच नोंद: गोड, नाही. आणि ते खोटं लिहीत नव्हते, हे मी सांगते. तेच तर दुःख आहे. त्यांच्या लेखी गूळ चाखणं हे खाणं नव्हतंच. गवंडी वाळूत उभा राहतो, तो काय समुद्रावर गेलाय म्हणून?

पहिली कॅप्सूल मला पोचली तेव्हाची गोष्ट सांगते. खरी की टोपी, कॉम्प्युटरला माहीत. पण मलाही आहे, मला कुणी विचारत नाही इतकंच. ती आली, दरवानाजवळ गेली आणि तिनं त्याच्या बोटांना कडकडून चिमटा काढला. इतक्या वर्षांत त्याला काही जाणवलं नव्हतं, पण हे जाणवलं. त्याचा हात सुटला. वस्ताद उठला, आळोखेपिळोखे दिले, आत गेला आणि त्यानं हाळी दिली. पोरं उठली. मला रडू आलं असतं, पण ते काम डोळ्यांचं.

मग सकाळचे साडेआठ वाजले. सौदे सुरू झाले. पहिला खडा आला, दुसरा आला, विसावा आला. पोरं पाणी मारतायत आणि दारातून सरपणाच्या गाड्या खाली होतायत. दुसऱ्या दिवशी तेच. वस्ताद माझ्याकडे बघायचा. मी काय सांगणार? हळूहळू पोरं दमली. आग वाढत नव्हती म्हणावं तर विझतही नव्हती, आणि चटके बसतच होते.

तीन महिन्यांनी परत टक् टक् टक्. आकडा आला नऊ पूर्णांक नऊ.

डॉक्टर हसत बोलले, पण अर्धंच. "संगमेशराव, वही एवढी स्वच्छ आणि आकडा वर. पुढच्या तीन महिन्यांत हे खाली आलं नाही, तर मला वेगळा विचार करावा लागेल. पन्नाशीच्या आत मला तुम्हाला त्या यादीत बघायचं नाही."

कुठली यादी ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळली. बदली यकृत मिळावं म्हणून थांबलेल्यांची यादी. म्हणजे मला काढून दुसरं. मी त्या दिवशी पित्त करायचं विसरले.

शिवलीलाताईंनी सोळा सोमवार धरले आणि घरातलं तेल अर्ध्यावर आणलं. मालक रंकाळा तलावाला दोन फेऱ्या मारायला लागले. आणि सौदे चालूच.

बिंग फोडलं ते वल्लरीनं, आणि तेही चुकून. एकदा तिनं पुढची तारीख सांगायला सकाळीच फोन केला. मालक सौद्यात उभे. फोन कानाला, खडा तोंडात.

"काका, काही खाताय का? नंतर करू फोन?"

"न्हाय न्हाय, बोल की. कामात हाय."

"पण तोंडात काहीतरी आहे तुमच्या."

"ते काम हाय."

"म्हणजे?"

"गूळ चाखतोय. सौदा हाय न्हवं. तू तारीख सांग."

मग तिनं अगदी हळू विचारलं, "काका, रोज चाखता? किती?"

"ढिगाला एक खडा. आज चव्वेचाळीस ढीग हायेत."

"आणि चाखून झाल्यावर तो खडा कुठं जातो?"

मी जिथं आहे तिथं, बरगडीखाली, मालकांचा हात आला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"आयला," ते म्हणाले.

दुपारी त्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं. वल्लरीनं स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला होता. मालकांनी अंदाजानं खडा तोडून ठेवला. चार ग्रॅम. गुणिले चव्वेचाळीस. डॉक्टर राजवर्धन यांनी गुणाकार मोठ्यानं केला, मग परत एकदा केला.

"दिवसाला पावणेदोनशे ग्रॅम गूळ," ते म्हणाले. "मी तुम्हाला विचारलं होतं, गोड खाता का."

"खात न्हाय ओ डॉक्टर. खरंच खात न्हाय. चाखतोय."

"तुमच्या लिव्हरला फरक कळत नाही."

कळत नाही कसं? कळतो. पण मला कोण विचारतं.

"मग थुंकून टाका," डॉक्टर म्हणाले. त्यांना ते फार सोपं वाटलं.

मालक घरी आले तेव्हा शिवलीलाताई म्हणाल्या, "थुका की मग. त्यात काय?"

"अगं, समोर शेतकरी हुभा असतोय. पोराबाळागत बघत असतोय त्या खड्याकडं. थोरल्या शेठनी सांगिटलंय, थुकायचं न्हाय."

"थोरलं शेठ गेलं. तुमास्नी जायचंय?"

"मग अडत बंद करू? चाखायचंच न्हाय म्हटलं तर मी तिथं करणार काय? माझ्यापाशी जीभ सोडून हाय काय दुसरं?"

हे ऐकून मला पहिल्यांदा जिभेचा राग येण्याऐवजी मालकांची दया आली. मला वाचवायला निघाले तर त्यांचं नाव जातं, आणि नाव वाचवायला निघाले तर मी जाते.

त्यांनी पळवाटा काढल्या. पहिल्या दिवशी खडा गालात धरून ठेवला. गूळच तो, गालात काय टिकतोय, विरघळून हळूहळू माझ्याकडेच. दुसऱ्या दिवशी नुसता वास घेतला. तिसऱ्या दिवशी रंगावरून प्रत सांगितली आणि चांगलाच खारट गूळ एक नंबरी म्हणून पुकारला. खरेदीदारानं तो चाखला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, जीभ आज घरी ठिवून आलाय व्हय?"

लोक हसले. मालक हसले नाहीत. त्या दिवशी माझ्याकडे एक खडाही आला नाही, पण रक्तातून जे आलं ते गुळापेक्षा वाईट होतं. लाज असावी.

चौथ्या दिवशी अण्णाप्पांचा गूळ आला. हे बिद्रीकडचे. गावातला सगळा ऊस कारखान्याला जातो, पण अण्णाप्पा स्वतःचा दोन एकराचा ऊस हट्टानं गुऱ्हाळाला घालतात. वय पंच्याहत्तर. थोरल्या शेठच्या वेळेपासून याच अडतीला येतात. त्यांची एक सवय. गूळ मांडला की ते ढिगासमोर काठी टेकून उभे राहतात आणि मालक चाखून "व्हय" म्हणेपर्यंत हलत नाहीत.

मी बरगड्यांतून कान लावून बसले.

सुरीचा आवाज. खडा तोंडात. मालकांनी तो जिभेवर फिरवला. मला त्याची नुसती खबर आली, लाळेतून. चांगला होता. फार चांगला होता. आता गिळतील, मी म्हटलं, आणि घट्ट डोळे मिटावेत तशी मिटले.

गिळला नाही. मालक मागं वळले आणि थुंकले.

हमालसुद्धा थांबले असावेत, कारण पोती टाकल्याचा आवाज बंद झाला. हृदय धडाधडा उडायला लागलं. त्याला तेवढंच येतं.

"अण्णाप्पा काका," मालक म्हणाले. "गूळ सोन्यासारखा हाय. खोट न्हाय त्यात. खोट माझ्यात हाय. लिव्हर बिघडलंय माझं, पीत न्हाय मी, पण बिघडलंय. डॉक्टर म्हणतोय थुका. तुमचा गूळ तुमच्यासमोर थुकलो. पायतान काढून मारा, पण मनात ठिवू नका."

काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. मी दचकले, अर्थातच.

"येवढंच व्हय?" अण्णाप्पा म्हणाले. "आरं, थोरलं शेठ बी थुकायचं."

"काय?"

"त्या खांबामागं जाऊन. दर ढिगाला. हितं चाखायचं, व्हय म्हणायचं, आन् खांबामागं जाऊन पच्. म्हाताऱ्याला वाटायचं, कुणाला दिसत न्हाय."

"तुमास्नी दिसायचं?"

"समद्यास्नी दिसायचं. आमी तोंड फिरवून हुभं ऱ्हायचो. मोठा माणूस, लाजंल म्हणून."

"आन् मला म्हणाले, थुकायचं न्हाय."

"तोंडावर थुकायचं न्हाय, असं म्हणालं आसंल. आडबाजूला जा म्हणून न्हाय सांगिटलं व्हय तुला? ऱ्हायलं आसंल सांगायचं."

मालक म्हणाले, "तीस वर्सं झाली, काका. मी गिळतोय. तुमी समदी बघताय. एकानं तर सांगायचं."

"आता काय सांगणार? आमास्नी वाटलं, तुला आवडतंय."

आधी कुणीतरी मागं फिस्कन हसलं. मग सगळी पेठ हसली. आदल्या दिवशी टोमणा मारणारा खरेदीदार सगळ्यात मोठ्यानं. आणि सगळ्यात शेवटी आमचे मालक. ते हसले तेव्हा छाती-पोटामधला पडदा वरखाली झाला आणि मला हेलकावे बसले, लहानपणी पाळण्यात बसत असावेत तसे.

त्यानंतर शिवलीलाताईंनी झाकणाचा स्टीलचा एक डबा दिला. चाखायचं, चूळ भरायची, डब्यात टाकायचं, झाकण लावायचं. झाकण लावल्यावर शेतकऱ्याकडे बघून मान लववायची, ही मालकांची स्वतःची भर. आठवडाभरात आणखी दोन अडत्यांनी तसले डबे आणले. त्यांनाही सोय झाली, खांब प्रत्येकाच्या नशिबात नसतो. वल्लरीनं मात्र चार पानांचा खुलासा लिहिला, अभ्यासातल्या एका पेशंटनं व्यवसायामुळं रोज पावणेदोनशे ग्रॅम गूळ कसा घेतला याचा. अभ्यासाच्या मुख्य कचेरीतून कुणीतरी परत विचारलं म्हणे, आकड्यात चूक तर नाही ना.

आणि माझ्याकडे? सरपणाच्या गाड्या थांबल्या. सकाळी कॅप्सूल यायची, दरवानाला चिमटा बसायचा, वस्ताद हाळी द्यायचा, आणि पहिल्यांदाच पोरांनी मारलेलं पाणी आगीपर्यंत पोचायला लागलं. एकेक कोपरा गार झाला. साठवलेलं मी थोडं थोडं बाहेर काढलं. भीत भीतच. उद्या मिळालं नाही तर, असं वाटायचंच. पण मिळत होतं. भाकरी, डाळ, भाजी, वेळेवर.

मे महिन्यात शेवटची तपासणी झाली. टक्, दहा वेळा. आकडा सात पूर्णांक सहा. डॉक्टर पूर्ण हसले. पूर्ण बरं नाही, म्हणाले, पण मागं फिरलंय.

आता यशाचे वाटेकरी. मालक म्हणतात, कॅप्सूलचा गुण. शिवलीलाताई म्हणतात, सोमवारांचा. वल्लरी म्हणते, डब्याचा, पण असं लेखी देता येणार नाही, अभ्यास पुरा होऊन कॉम्प्युटर उघडेपर्यंत थांबा. मी कुणाशी वाद घालत नाही. वस्ताद उठला हे खरं. पण दारातून लाकडं येत राहिली असती तर एकट्या वस्तादानं काय केलं असतं, हेही मी तीन महिने बघितलंय.

जाता जाता तुम्हाला एक विनंती. डॉक्टर विचारतात, काय खाता, आणि तुम्ही खरं खरं सांगता. पण जे तुम्ही खाणं धरतच नाही ते सांगायचं राहतं. आचारी मीठ बघतो ते. आई पोराच्या ताटातलं संपवते ते. दुकानदार गिऱ्हाईकाला दाखवता दाखवता चार दाणे टाकतो ते. पाहुण्याबरोबर सोबतीला म्हणून घेतलेला सातवा चहा. तुमच्या वहीत त्याला रकाना नाही. माझ्याकडे एकच दार आहे आणि सगळं तिथूनच येतं. मला दुखता येत नाही, ओरडता येत नाही. तेव्हा कधीतरी तुम्हीच बरगडीखाली हात ठेवा आणि विचारा. एवढ्यानंही मला बरं वाटतं.

नवा सीझन नुकताच सुरू झालाय. सध्या माझी तब्येत बरी आहे, स्वभाव तसाच. रोज सकाळी सुरीचा आवाज येतो, खडा जिभेवर जातो, आणि मी दरवेळी घाबरून वाट बघते. मग डब्याचं झाकण लागतं आणि मी सुटकेचा श्वास सोडते. श्वास माझा नसतो, फुफ्फुसांचा असतो. पण ती वर शेजारीच राहतात, हवा तेव्हा देतात.